घरच्या घरी डेक्स्ट्रिन कसं बनवायचं? आणि ते खरंच बनलंय हे कसं ओळखायचं?



"कॉर्नफ्लोअर तांबूस होईपर्यंत भाजा, झालं तुमचं डेक्स्ट्रिन!" असे मिनिटभराचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. पीठ पांढरं दिसतं, मग कट, मग पीठ बिस्किटाच्या रंगाचं दिसतं आणि व्हिडिओ संपतो. पण त्या वाटीत डेक्स्ट्रिन आहे की नुसतं भाजलेलं पीठ आहे, हे कोणी दाखवतच नाही.

फरक पडतो का? खूप पडतो. समजा तुम्ही दिवाळीसाठी हाताने बनवलेली पाकिटं विकताय. झाकणाच्या पट्टीला घरचा गोंद लावला, वाळवला, गठ्ठा गिऱ्हाइकाला दिला. त्याने पट्टी ओली करून दाबली आणि ती चिकटलीच नाही, तर कागद, वेळ आणि गिऱ्हाईक तिन्ही गेलं. रंगाच्या वड्या बनवल्या आणि डबीत नुसता भुगा उरला, तरी तेच.

म्हणून आजच्या लेखात आपण दोन गोष्टी बघणार आहोत. पहिली, स्टार्चपासून डेक्स्ट्रिन कसं बनतं. दुसरी आणि जास्त महत्त्वाची, ते बनलंय हे घरातल्या वस्तू आणि आपला स्मार्टफोन वापरून कसं तपासायचं. एक वाक्य आत्ताच लक्षात ठेवा: रंग बघून डेक्स्ट्रिन ओळखता येत नाही, चाचणी करूनच ओळखता येतं.

डेक्स्ट्रिन म्हणजे काय?

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या असंख्य कड्या जोडून बनलेली लांब साखळी. मका, बटाटा, तांदूळ, गहू, साबुदाणा ज्यापासून बनतो तो टॅपिओका, या सगळ्यांत हाच स्टार्च असतो. त्यात दोन प्रकारच्या साखळ्या असतात. सरळ लांब साखळीला अमायलोज म्हणतात आणि झाडासारख्या फांद्या फुटलेल्या साखळीला अमायलोपेक्टिन.

कच्च्या स्टार्चमध्ये या साखळ्या बारीक कणांमध्ये घट्ट बांधलेल्या असतात. म्हणून कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात विरघळत नाही. ढवळलं की दूध दिसतं, थोडा वेळ ठेवलं की तळाशी बसतं. पाणी तापवलं की साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला मक्याच्या स्टार्चचे कण फुगून फुटतात आणि पाणी दाट होतं. हीच आपली खळ. पतंगाला, वह्यांच्या कव्हरांना, कागदी कामाला वर्षानुवर्षं वापरली जाते ती.

आता हाच स्टार्च पाणी न घालता, कोरडाच, बराच वेळ तापवला तर वेगळीच गोष्ट होते. लांब साखळ्या तुटून छोटे तुकडे होतात. त्यातले काही तुकडे पुन्हा जोडले जातात, पण सरळ नाही, आडवेतिडवे, जास्त फांद्या असलेले. अशा आखूड, फांद्याळ तुकड्यांना घट्ट बांधून बसता येत नाही. त्यामुळे ते थंड पाण्यातही विरघळतात आणि पाणी सुकलं की चकचकीत, चिकट थर मागे ठेवतात. या तुकड्यांच्या मिश्रणाचं नाव डेक्स्ट्रिन.

तुम्ही हे रोज खाताही. टोस्टचा सोनेरी पापुद्रा, भाकरीवरचे तपकिरी डाग, थालीपिठाची खमंग भाजणी, या सगळ्यांत थोडाफार स्टार्च डेक्स्ट्रिनमध्ये बदललेला असतो. पण थोडाफारच! तिथे आपल्याला चव हवी असते, गोंद नाही.

नाव कुठून आलं?

लॅटिनमध्ये 'डेक्स्टर' म्हणजे उजवा. डेक्स्ट्रिनच्या द्रावणातून ध्रुवीकृत प्रकाश सोडला तर तो उजवीकडे वळतो. त्यावरून १८३३ मध्ये फ्रान्समध्ये बियो आणि पेरसो या शास्त्रज्ञांनी हे नाव दिलं.

त्याच्या आधीची एक गोष्ट सांगितली जाते. १८२१ मध्ये आयर्लंडमधल्या डब्लिनजवळ एका कापड गिरणीला आग लागली. साठवलेला स्टार्च भाजला, त्यावर आग विझवायचं पाणी पडलं आणि एका कामगाराच्या लक्षात आलं की हा तपकिरी स्टार्च थंड पाण्यात विरघळून चिकट झालाय. आम्ल न घालता नुसत्या उष्णतेने बनवलेल्या डेक्स्ट्रिनला आजही 'ब्रिटिश गम' म्हणतात. आपण घरी बनवणार आहोत तेही याच प्रकारचं.

मग बाजारातलं डेक्स्ट्रिन कसं बनतं?

कारखान्यात स्टार्चवर अगदी थोडं पातळ आम्ल फवारतात, तो वाळवतात आणि मग भाजतात. आम्लामुळे साखळ्या लवकर तुटतात. कमी तापमानाला भाजलं की पांढरं डेक्स्ट्रिन मिळतं, जास्त तापमानाला आणि जास्त वेळ भाजलं की पिवळं. आम्लाशिवाय, जास्त वेळ भाजलं की तपकिरी ब्रिटिश गम. पाकिटांच्या झाकणाचा गोंद, कापड छपाईचा रंग दाट करणं, ओतकामातली वाळू बांधणं, जलरंगांच्या वड्या, अशा अनेक ठिकाणी डेक्स्ट्रिन वापरतात.

इथेच बघा, 'पांढरं डेक्स्ट्रिन' नावाची गोष्ट अस्तित्वात आहे. म्हणजे पांढरं दिसतंय म्हणून डेक्स्ट्रिन नाही असं म्हणता येत नाही, आणि तपकिरी दिसतंय म्हणून डेक्स्ट्रिन आहे असंही म्हणता येत नाही.

महत्त्वाची सूचना: घरी आम्लाच्या वाटेला जाऊ नका. संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर अजिबात नको. त्याची वाफ फुप्फुसांना त्रास देते आणि आपल्या कामाला त्याची गरजही नाही.

साहित्य काय लागेल?

– २५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर. म्हणजे पांढरा, रेशमासारखा मऊ स्टार्च. भाकरीचं पिवळं मक्याचं पीठ नाही! दुकानात दोन्हींची नावं सारखी वाटतात, त्यामुळे पाकीट नीट बघून घ्या. कस्टर्ड पावडरही नको, तिच्यात रंग आणि वास घातलेला असतो.
– ओटीजी किंवा कन्व्हेक्शन मोड असलेला ओव्हन. मायक्रोवेव्हचा साधा मोड चालणार नाही.
– पसरट ट्रे, लाकडी उलथणं, चाळणी.
– १ ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा.
– मेडिकलमध्ये मिळणारं पोव्हिडोन आयोडीनचं सोल्युशन. मलम नको, फेस होणारा स्क्रबही नको.
– सारख्या मापाचे काचेचे ५–६ ग्लास, छोट्या डब्या किंवा कागदी पुड्या, मार्कर.
– आणि अर्थातच, तुमचा फोन.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर करता येतं, पण हात सतत चालता ठेवावा लागतो. कढईच्या तळाला पीठ करपतं आणि वर कच्चं राहतं. दोन्ही मिसळलं की रंग मात्र छान बिस्किटासारखा दिसतो! व्हिडिओत फसगत होते ती इथेच.

डेक्स्ट्रिन कसं बनवायचं? स्टेप बाय स्टेप

स्टेप १: आधी २०–२५ ग्रॅम कच्चं कॉर्नफ्लोअर पुडीत बाजूला काढा आणि त्यावर '०' लिहा. ही पुडी म्हणजे आपली तुलना. ती नसेल तर पुढच्या एकाही चाचणीला अर्थ राहत नाही.

स्टेप २: उरलेलं पीठ चाळून ट्रेमध्ये साधारण १ सेंटिमीटर जाडीचा थर पसरा. १०० ते ११० अंशांवर तासभर ठेवून वाळवा. कॉर्नफ्लोअर कोरडं वाटलं तरी त्याच्या वजनाचा साधारण आठवा भाग पाणी असतं. ते आधी काढलं नाही तर गाठी होतात.

स्टेप ३: आता ओव्हन २०० अंशांवर करा. दर १५–२० मिनिटांनी ट्रे बाहेर काढून पीठ वरखाली करा, गाठी फोडा, थर पुन्हा सारखा करा.

स्टेप ४: दर अर्ध्या तासाने २० ग्रॅम पीठ काढून पुडीत ठेवा. पुडीवर वेळ लिहा: ३०, ६०, ९०, १२०, १५० मिनिटं. प्रत्येक वेळी एक फोटोही काढा.

स्टेप ५: साधारण दीड ते तीन तासांत रंग मलईसारखा, मग बिस्किटासारखा, मग फिक्या तपकिरीकडे जातो. भाजल्याचा खमंग वास येतो. धूर किंवा करपल्याचा वास आला, गडद तपकिरी ठिपके दिसले, की ओव्हन बंद.

'दीड ते तीन तास' असं ढिलं उत्तर का? कारण प्रत्येक ओव्हन वेगळा असतो. बटणावर २०० लिहिलंय म्हणून आत २०० असतंच असं नाही. तुमच्या ओव्हनला किती वेळ लागतो हे त्या पुड्याच सांगतील. एकदा कळलं की पुढच्या वेळी अंदाज लावावा लागणार नाही.

सावधान! हे वाचल्याशिवाय सुरू करू नका

– तापलेलं स्टार्चचं पीठ पाण्यासारखं वाहतं आणि गरम आहे हे दिसत नाही. कोरडे जाड हातमोजे घाला. घरातलं कोणी मोठं माणूस सोबत असू द्या.
– पीठ हवेत उडू देऊ नका. पंखा बंद, जवळ गॅसची ज्योत नको, पीठ उंचावरून ओतायचं नाही. हवेत तरंगणारी पिठाची धूळ पेट घेते तेव्हा स्फोट होतो. २ मे १८७८ रोजी अमेरिकेतल्या मिनिअ‍ॅपोलिस शहरात वॉशबर्न गिरणीत अशाच धुळीच्या स्फोटाने १८ कामगार गेले. आपलं पीठ पाव किलोच आहे, पण नियम तोच.
– ट्रे ओव्हनमध्ये ठेवून बाहेर जाऊ नका.

फोनचं काय काम?

टायमर आणि नोट्स तर आहेतच. पण खरी मदत कॅमेऱ्याची होते, कारण आपल्या चाचण्यांत रंगांची तुलना करायची आहे. त्याआधी फोनच्या दोन मर्यादा समजून घ्या.

पहिली, 'थर्मामीटर' नावाची अ‍ॅप्स. बहुतेक फोनमध्ये समोरच्या वस्तूचं तापमान मोजणारा सेन्सरच नसतो. पिक्सेल ८ प्रोसारखे मोजके फोन अपवाद. बाकी अ‍ॅप्स एकतर इंटरनेटवरून तुमच्या गावाचं हवामान दाखवतात किंवा फोनच्या बॅटरीचं तापमान. फोन कढईवर धरून काही कळणार नाही, फोन मात्र खराब होईल. तापमानासाठी ओव्हनमध्ये ठेवायचं साधं थर्मामीटर घ्या.

दुसरी, कॅमेरा रंग 'सुधारतो'. फोन प्रत्येक फोटोत उजेड आणि पांढरेपणा आपोआप जुळवून घेतो. म्हणून आज काढलेला '६०' चा फोटो आणि उद्या काढलेला '१२०' चा फोटो यांची तुलना करणं चूक आहे. उपाय सोपा आहे:

– सगळे नमुने एकाच फोटोत, शेजारी शेजारी ठेवा.
– खाली आणि मागे पांढरा कागद ठेवा.
– खिडकीचा उजेड घ्या, थेट ऊन नको, फ्लॅश नको.
– फिल्टर, ब्युटी मोड, एआय एन्हान्स बंद करा.
– स्क्रीनवर बोट दाबून ठेवून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा.

मग रंगाचे आकडे दाखवणारं कोणतंही कलर पिकर अ‍ॅप घ्या. ते प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे ० ते २५५ मध्ये दाखवतं. 'मला तांबूस वाटतंय' यापेक्षा 'लाल १४०, निळा ७०' हे सांगायला आणि तपासायला सोपं.

आता चाचण्या

प्रत्येक चाचणी '०' पुडीवर पण करायची, हे विसरू नका.

चाचणी १: थंड पाण्याची

प्रत्येक ग्लासात १०० मिली साधं पाणी आणि १० ग्रॅम नमुना घ्या. ५ मिनिटं ढवळा आणि दोन तास न हलवता ठेवा.

'०' च्या ग्लासात तळाशी पांढरा थर आणि वर जवळजवळ स्वच्छ पाणी दिसेल. चांगल्या डेक्स्ट्रिनच्या ग्लासात पाणी चहासारखं पिवळसर-तपकिरी होतं आणि तळाशी थर कमी असतो. अर्धवट भाजलेल्या नमुन्यात तपकिरी थर सरळ तळाशी जाऊन बसतो. रंग आलाय, पण विरघळणं आलेलं नाही!

आकडा हवा असेल तर वरचं पाणी अलगद ओतून काढा. गाळावर पुन्हा १०० मिली पाणी घाला, ढवळा, दोन तास ठेवा, पुन्हा वरचं पाणी काढा. उरलेला गाळ आधी वजन केलेल्या ताटलीत पसरून पूर्ण वाळवा आणि वजन करा. समजा १० ग्रॅमपैकी ३ ग्रॅम गाळ उरला, तर ७ ग्रॅम विरघळलं, म्हणजे अंदाजे ७० टक्के. कच्च्या कॉर्नफ्लोअरचं जवळजवळ सगळंच परत मिळतं. वजन थोडं कमी भरेल ते त्यातल्या ओलाव्यामुळे.

आणखी एक खात्री: ओतून काढलेल्या पाण्यातलं चमचाभर पाणी स्टीलच्या ताटलीत सुकू द्या. डेक्स्ट्रिन असेल तर काचेसारखा चकचकीत पापुद्रा उरतो. '०' च्या पाण्याचा जवळपास काहीच उरत नाही.

चाचणी २: उकळीची

५ ग्रॅम नमुना ५० मिली पाण्यात कालवा आणि ढवळत एक उकळी आणा. कच्च्या कॉर्नफ्लोअरची लगेच दाट खळ होईल, थंड झाल्यावर तर चमच्याने कापावी लागेल. पूर्ण झालेलं डेक्स्ट्रिन पातळच राहतं, कारण पाणी अडवून धरणाऱ्या लांब साखळ्या आता उरलेल्याच नाहीत. मधल्या नमुन्यांत दाटपणा हळूहळू कमी होत गेलेला दिसेल.

एकच चाचणी करायला वेळ असेल तर ही करा. ना आयोडीन लागतं, ना वजनाचं गणित.

चाचणी ३: आयोडीनची

शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून निळा-काळा रंग पाहिला असेल. अमायलोजची लांब साखळी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि आयोडीन त्या गुंडाळीत जाऊन बसतं, म्हणून निळा रंग येतो. साखळी जसजशी आखूड होते तसतसा रंग निळ्याकडून जांभळा, मग तांबडट-तपकिरी होतो. फारच आखूड तुकडे असतील तर रंग येतच नाही, आयोडीनचा स्वतःचा फिका पिवळा तेवढा दिसतो.

पोव्हिडोन आयोडीनचा १ भाग १० भाग पाण्यात मिसळा, फिक्या चहाच्या रंगाचं होईल. उकळीच्या चाचणीतलं द्रावण पूर्ण थंड करा, त्यातला अर्धा चमचा १० चमचे पाण्यात मिसळा आणि वर आयोडीनचे सारखेच थेंब टाका, समजा ३. शेजारी एका वाटीत नुसतं पाणी आणि ३ थेंब ठेवा. मग सगळ्यांचा एकच फोटो.

– द्रावण गरम असेल तर निळा रंग दिसतच नाही. घाईत 'निळा आला नाही, म्हणजे डेक्स्ट्रिन झालं' असं ठरवाल. थंड होऊ द्या.
– लिंबाचा रस किंवा व्हिटॅमिन सी लागलेली वाटी वापरू नका. त्याने आयोडीनचा रंगच उडतो.
– रंग अगदी काळा दिसत असेल तर अ‍ॅपचे तिन्ही आकडे शून्याजवळ येतात. आणखी पाणी घालून पातळ करा.

अ‍ॅपमध्ये काय बघायचं? '०' मध्ये निळ्याचा आकडा लालपेक्षा जास्त येईल. भाजणं पुढे जाईल तसा लालचा आकडा वर येत जाईल. आम्लाशिवाय बनवलेल्या घरच्या डेक्स्ट्रिनमध्ये थोड्या लांब साखळ्या शिल्लक राहतातच, म्हणून थोडी जांभळी झाक आली तर निराश होऊ नका. '०' पासून रंग किती सरकला ते बघा.

चाचणी ४: पाकिटाची

इथे डेक्स्ट्रिनची खरी ओळख होते. १० ग्रॅम नमुना १० मिली कोमट पाण्यात घोटून पाक बनवा. फार दाट वाटलं तर चमचाभर पाणी वाढवा. तुलनेसाठी '०' ची शिजवलेली खळ घ्या. खळीला मात्र १ भाग स्टार्चला ८–१० भाग पाणी लागतं. म्हणूनच खळ लावलेला कागद ओला होऊन सुरकुततो आणि वाळायला वेळ लागतो. डेक्स्ट्रिनमध्ये पाणी कमी आणि गोंद जास्त.

दोन्हींचा पातळ थर कागदाच्या पट्ट्यांवर लावून रात्रभर वाळवा. सकाळी ओल्या स्पंजने पट्टी ओली करा, दुसऱ्या कागदावर मिनिटभर दाबा आणि तासभर ठेवा. मग हाताने सोलून बघा. कागदाचे तंतू उपटले गेले तर गोंद पास. पट्टी स्वच्छ सुटून आली तर नापास. वाळलेली खळ पुन्हा ओली केली तरी नीट चिकट होत नाही, डेक्स्ट्रिन होतं. टपाल तिकिटांना नेमका हाच गुण हवा होता. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या 'पेनी ब्लॅक' या जगातल्या पहिल्या टपाल तिकिटाच्या मागच्या गोंदातही बटाट्याचा स्टार्च होता.

चाचणी ५: वडीची, म्हणजे बाइंडर म्हणून

बाइंडरचं काम सुटे कण एकमेकांना धरून ठेवायचं. त्याची परीक्षा तशीच घ्यायची. खडूची बारीक पूड २० ग्रॅम घ्या. त्यात १ ग्रॅम डेक्स्ट्रिन, म्हणजे ५ टक्के, कोरडंच नीट मिसळा. थेंबथेंब पाणी घालून मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल इतकंच ओलसर करा. बाटलीच्या झाकणात दाबून वड्या पाडा. दुसऱ्या वड्या '०' पावडर घालून, तिसऱ्या नुसत्या खडूच्या. तिन्हींना पाणी सारखंच. दोन दिवस सावलीत वाळवा.

आता बोटाने घासून बघा, मग १ मीटरवरून फरशीवर टाका. फोनच्या स्लो मोशनमध्ये शूट केलं तर कोणती वडी कुठून फुटते ते छान दिसतं. कच्चा स्टार्च थंड पाण्यात विरघळलेलाच नसतो, त्यामुळे तो कणांमध्ये नुसता पडून राहतो. डेक्स्ट्रिन विरघळून कणांच्या मधल्या फटींत जातं आणि सुकताना त्यांना जोडतं. खडूच्या जागी गेरू घेतला तर हीच वडी ओल्या ब्रशने वापरायचा रंग होईल.

निकाल कसा वाचायचा?

– गाळ भरपूर, उकळल्यावर दाट, आयोडीनने गडद निळा: डेक्स्ट्रिन नाही. रंग कितीही छान असो.
– गाळ निम्म्याच्या आसपास, उकळल्यावर थोडं दाट, आयोडीनने जांभळा: अर्धवट. तीच पावडर पुन्हा ओव्हनमध्ये ठेवता येईल.
– गाळ कमी, उकळूनही पातळ, आयोडीनने तांबडट किंवा जांभळट-तांबडा, पट्टी पास: झालं!
– काळपट गाळ, करपल्याचा वास, पट्टी नापास: जास्त भाजलं. फेकून द्या, आधीच्या वेळेची पुडी बघा.

वजन कमी झालं ही खूण मात्र धरू नका. २५० ग्रॅम पिठाचं वजन वाळवतानाच २५–३० ग्रॅमने उतरतं. ते फक्त पाणी उडालेलं असतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मैदा किंवा तांदळाचं पीठ चालेल का?
त्यात स्टार्चसोबत प्रथिनंही असतात. ती भाजली की लवकर तपकिरी होतात, म्हणजे रंगाने फसायची शक्यता आणखी वाढते. बटाट्याचा किंवा टॅपिओकाचा शुद्ध स्टार्च चालेल.

हे आणि माल्टोडेक्स्ट्रिन एकच का?
नाही. माल्टोडेक्स्ट्रिन पाण्यातल्या स्टार्चवर एन्झाइम किंवा आम्लाची क्रिया करून बनवतात आणि ते खाद्यपदार्थांत वापरतात. घरी बनवलेलं डेक्स्ट्रिन कामाचं सामान समजा, डब्यावर तसं लिहा आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.

किती दिवस टिकतं?
कोरडी पावडर हवाबंद डब्यात बरेच महिने राहते. पाण्यात कालवलेलं मात्र दोन-तीन दिवसांत आंबतं, बुरशी येते. लागेल तेवढंच कालवा. लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब घातला तर थोडं जास्त टिकतं.

डेक्स्ट्रिन बाइंडर शोधलं की फटाक्यांची माहिती का येते?
फटाक्यांच्या कारखान्यातही हा बाइंडर वापरतात. पण फटाके बनवायला भारतात परवाना लागतो, आणि घरी तो प्रयोग जिवावर बेततो. आपलं डेक्स्ट्रिन कागद आणि रंगासाठी.

थोडक्यात काय?

डेक्स्ट्रिन बनवायला पाव किलो कॉर्नफ्लोअर आणि एक दुपार पुरते. पण खरी शिकण्यासारखी गोष्ट ती '०' ची पुडी आहे. काहीच न केलेला नमुना शेजारी ठेवला की तुमचं पीठ खोटं बोलू शकत नाही आणि तुमचा कॅमेराही नाही. पुढच्या वेळी असा 'मिनिटात तयार' व्हिडिओ दिसला, की रंग बघू नका. त्यांनी ते थंड पाण्यात टाकून दाखवलंय का आणि शेजारी कच्च्या पिठाचा ग्लास ठेवलाय का, एवढंच बघा.

तुमच्या ओव्हनमध्ये कितव्या मिनिटाची पुडी पास झाली? सगळ्या ग्लासांचा एकच फोटो काढा, त्यावर वेळा लिहा आणि ज्या मित्राने तुम्हाला तो व्हिडिओ पाठवला होता, त्याला पाठवून द्या. भेटूया पुढच्या लेखात!